वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट

दादासाहेब फाळके यांचे नाव ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटामुळे सर्वतोमुखी झाले. तथापि, त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या एका दाण्यावर चित्रपट काढला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबई व बडोदा येथे त्यांनी कलाशिक्षण घेतले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. १९१०-११च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या पुराणकथा पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. सततच्या अभ्यासाने डोळ्यांवर ताण येऊन काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत येताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले.

कॅमेरा आला; भांडवल कोण देणार? हलती चित्रे येथेही तयार होतील, यावर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि कित्येक दिवस थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपले. एरवी सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे घेतली जात. येथे दोन चित्रांमध्ये बराच काळ लोटे. मध्येच कॅमेरा हलला असता, तर सारे श्रम वाया जाते. ही चित्रे सलग दाखविताच पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटून रोप उभे राहिले. शब्दांनी जे साधले नव्हते, ते या इवल्याशा चित्रपटाने साधले, कर्ज मिळाले.

पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिलेच, शिवाय अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट कामही त्या करीत. त्यांच्या वाट्याला कीर्ती मात्र फारच थोडी आली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

१९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काड्या किंचित सरकवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावर त्या जणू आपोआप हालचाल करीत. फाळके प्रक्षेपणयंत्र बैलगाडीत घालून गावोगावी जात. चित्रपटगृह कधी न पाहिलेली माणसे तेथे जमत.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. वाटाण्याचा व आगकाड्यांचा, हे दोन्ही चित्रपट आज उपलब्ध नाहीत.