बदकाचं पिल्लू आणि डॉक्टर गोल्डबर्गर

तुमच्यापैकी कुणी हौसेने बदकाची पिल्लं आणली असतील, तर हा प्रकार ओळखीचा असेल. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य घातलं, पाणी ठेवलं, सगळं नीट चाललं होतं आणि अचानक एक पिल्लू लंगडायला लागलं. पाय वाकडे, चार पावलं टाकून बसकण. जाणकार सांगतात, खाद्यात ब्रूअर्स यीस्ट मिसळ, कपभर खाद्याला साधारण एक मोठा चमचा. या यीस्टमध्ये नायसिन असतं. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं.

पण यीस्टमध्ये काहीतरी औषधी आहे, हे एका माणसाने माणसांचे जीव वाचवता वाचवता शोधलं. त्याचं नाव जोसेफ गोल्डबर्गर.

जन्म 1874 चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या एका खेड्यात. घरचे मेंढ्या पाळायचे. पुढे कुटुंब अमेरिकेला गेलं, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वडिलांनी किराणा दुकान टाकलं. पोरगा हुशार, इंजिनिअरिंग सोडून डॉक्टरीकडे वळला आणि सरकारी आरोग्यसेवेत शिरला. साथीच्या रोगांमागे फिरताना पीतज्वर, डेंग्यू, टायफस हे सगळं त्याने स्वतःच्या अंगावर काढलं. 1914 मध्ये त्याला दक्षिणेकडच्या राज्यांत पाठवलं. तिथे पेलाग्रा पसरला होता. कातडी सोलपटायची, जुलाब व्हायचे, डोकं भ्रमिष्ट व्हायचं आणि शेवटी मरण. हा जंतूंचा रोग आहे, असं बहुतेक डॉक्टर मानत होते.

गोल्डबर्गरने अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत एक साधी गोष्ट पाहिली. आत राहणाऱ्यांना रोग होतो, पण त्यांच्यासोबत दिवसरात्र असणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू काय माणूस बघून चावतात? फरक ताटात होता. गरिबांच्या ताटात मका, काकवी आणि डुकराची चरबी. त्याने अनाथाश्रमात दूध, अंडी, मांस, कडधान्यं सुरू केली. रोग जवळपास नाहीसा झाला.

तरी लोक मानेनात. मग 1915 मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना त्याने मुख्यतः मक्याचं जेवण दिलं, बदल्यात सुटका. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. टीकाकार तरीही गप्प बसले नाहीत. तेव्हा त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, खपल्या आणि विष्ठासुद्धा पिठात मिसळून गिळली. त्याची बायको मेरीही रक्त टोचून घ्यायला पुढे आली. कुणालाच रोग झाला नाही.

खरी अडचण औषधाची नव्हती, पैशाची होती. कापूस पिकवणाऱ्या कुळांना भाजीपाल्यालाही जमीन नव्हती. हे बोलल्यावर दक्षिणेचे पुढारी त्याच्यावरच चिडले! मग त्याने स्वस्त उपाय शोधला. असाच रोग झालेल्या कुत्र्यांवर प्रयोग करताना यीस्टने गुण येतो, हे दिसलं. 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरात रेड क्रॉसने हेच यीस्ट वाटलं.

1929 मध्ये कर्करोगाने तो गेला. नेमका घटक कोणता, हे त्याला कळलंच नाही. 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेमने तो शोधला: नायसिन. आपल्याकडे दख्खनमध्येही नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांत पेलाग्रा आढळला होता, बरं का.

आता पिल्लांकडे वळू. यीस्ट कोरडं टाकलं तर तळाशी राहतं, म्हणून खाद्य थोडं ओलं करून कालवा. आणि गवत, किडे खायला सुरुवात झाली की वाटीत बारीक खडे ठेवा. दात नाहीत ना, पोटातल्या पेषणीत हे खडेच दळतात. शिंपल्याचा चुरा मात्र इतक्यात नको, तो अंडी घालणाऱ्या मादीसाठी.