टाकलेल्या वस्तूंचा धनी

घरातले फुटके मडके, विटलेले लुगडे, पिचलेली बांगडी यांची जागा उकिरड्यावर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. संत गाडगेबाबांनी नेमक्या याच वस्तूंचा पेहराव केला आणि तो आयुष्यभर अंगावर वागवला. रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचे खापर. हे खापर उन्हात टोपी होई, जेवताना ताट होई आणि तहान लागली की पाण्याचे भांडे. लोकांनी त्यांना नावे दिली तीही या सामानावरूनच. कोठे ते गोधडेबुवा होते, कोठे चिंधेबुवा. अखेर रूढ झाले ते गाडगेबाबा.

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, दापुरे येथे आल्या. देबूजींनी तेथे गुरे राखली, नांगर धरला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि राबणाऱ्या घराची कर्जापायी कशी धूळधाण होते, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले. त्यांच्या चिंध्यांकडे केवळ वैराग्याची खूण म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. ऐपतीबाहेरच्या खर्चाची किंमत त्यांच्या घराने मोजली होती.

मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रीत होती. ती मोडून त्यांनी गोडाचे जेवण दिले. त्या काळी जातगंगेचा रोष पत्करणे ही साधी गोष्ट नव्हती. १९०५ साली त्यांनी घर सोडले.

गावात शिरले की बाबा कोणाशी न बोलता खराटा चालवू लागत. गटारे, रस्ते, देवळाचा परिसर स्वच्छ होई आणि रात्री कीर्तन रंगे. कीर्तन कसले, वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांची घेतलेली उलटतपासणीच ती! कर्ज काढून सण का करता, तेराव्याच्या पंगती कोणासाठी उठवता, देवाला बकरे कशाला कापता, असे प्रश्न ते समोरच्याला विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत. पोशाखी काटकसरीचा उपदेश त्यांनी केला नाही. लुगडे कमी किमतीचे घ्यावे, ताट मोडावे लागले तर भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलांना शाळेत घालावे, असा त्यांचा हिशेब होता. खरेदीत वाचलेला पैसा कोठे जावा, हे त्यात स्पष्ट होते. स्वतःला अक्षरओळख नसलेल्या माणसाने हे सांगावे, याला वेगळे वजन होते.

कीर्तनांतून लाखो रुपये जमले. त्यांतून ऋणमोचनचा घाट, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, आळंदी, मुंबई येथील धर्मशाळा, तसेच आश्रमशाळा आणि गोरक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्यांतील पैही बाबांनी स्वतःकडे वळवली नाही आणि कुटुंबालाही त्या वास्तूंचा लाभ घेऊ दिला नाही. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. बाबांनी हा निग्रह आपणहून स्वीकारला होता, कुंताबाईंच्या मात्र तो वाट्याला आला. गौरवाच्या भरात ही बाजू सहसा मागे पडते.

अखेरच्या आजारपणातही त्यांची भ्रमंती थांबली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांचे निधन झाले. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले ते त्यांच्याच नावाने. आपली मूर्ती किंवा मंदिर कोणी उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती. अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि मुंबईत सात रस्त्याच्या गजबजलेल्या चौकाला त्यांचे नाव आहे.