रस्ता करणारा मिशनरी

युगांडाचे मिशनरी अलेक्झांडर मॅके यांचे नाव शब्बाथशाळेच्या शिक्षकांना नवीन नाही. मुटेसा राजाचा दरबार, १८८५ साली रक्तसाक्षी झालेली ती तीन मुले, हे आपण वर्गात सांगतच असतो. त्याआधी मॅके यांनी रानात काढलेली दोन वर्षे मात्र आपण एका वाक्यात उरकतो.

मॅके यांचा जन्म १८४९ साली स्कॉटलंडमधील राइनी या खेड्यात एका पाळकाच्या घरी झाला. मुलगाही पाळक होईल अशी वडिलांची आशा होती. मुलाचा ओढा यंत्रांकडे. एडिंबरोस इंजिनिअरिंग शिकून १८७३ मध्ये ते बर्लिनला गेले व तेथील कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढू लागले. परदेशात जम बसला होता. १८७५ च्या अखेरीस स्टॅन्ले यांचे युगांडासाठी मिशनरी मागणारे पत्र वर्तमानपत्रात छापून आले, तेव्हा मॅके यांनी चर्च मिशनरी सोसायटीला आपली सेवा देऊ केली. तीही इंजिनिअर म्हणूनच. एप्रिल १८७६ मध्ये ते निघाले तेव्हा त्यांचे वय २६ होते.

आफ्रिकेत पोहोचल्यावर थोड्याच काळात तापाने त्यांना गाठले. सोबती पुढे सरोवराकडे गेले आणि यांना किनाऱ्यावर परतावे लागले. सुवार्ता सांगण्यासाठी आलेल्या माणसाच्या वाट्याला आता काय यावे? सादानीपासून म्प्वाप्वापर्यंत सुमारे २३० मैलांचा रस्ता! तोवर तेथे नुसती पायवाट होती. सारे सामान हमालांच्या डोक्यावरून जाई. बैलगाड्या जाव्यात म्हणून १८७७ मध्ये मॅके मजुरांबरोबर कुऱ्हाडी, कुदळी घेऊन काटेरी रान तोडीत राहिले, नाल्यांवर पूल घालीत राहिले. मग पावसात गाड्या चिखलात रुतल्या, त्से-त्से माशीच्या दंशाने बैल मेले. निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेलालाही देवाने आपल्या आत्म्याने भरले होते, हे ज्यांना ठाऊक आहे ते या दिवसांना वाया गेलेले म्हणणार नाहीत. आपल्या मंडळ्यांतील वर्कशॉपमध्ये राबणारे किंवा नोकरीसाठी परमुलखी गेलेले बंधू मात्र अजूनही सेवा म्हणजे केवळ व्यासपीठ असेच समजतात.

डिसेंबर १८७७ मध्ये स्मिथ व ओनील हे दोघे सोबती उकेरेवे बेटावर मारले गेले. ती बातमी कळताच मॅके तातडीने सरोवराकडे निघाले. कागेई येथे यंत्रांचे भाग, छापखान्याचे सामान, हत्यारे यांचा ढीग गंजत पडला होता. तो त्यांनी निवडून लावला व ‘डेझी’ ही मोडकळीस आलेली नाव दुरुस्त केली. विल्सन यांच्यासह त्या नावेतून निघाले, तर वादळाने ती किनाऱ्यावर आपटली. तेव्हा त्यांनी नावेचा मधला आठ फुटांचा भाग कापून काढला, त्यातील फळ्यांनी उरलेल्या भागांना ठिगळे लावली व दोन्ही टोके एकत्र जोडली. या कामाला आठ आठवडे लागले. नोव्हेंबर १८७८ मध्ये ते राजधानीत पोहोचले.

तेथेही हातांना विसावा नव्हता. त्यांनी लाकडी अक्षरे कोरली, छापखाना चालवला, मत्तयकृत शुभवर्तमान लुगांडा भाषेत आणले. १८८७ मध्ये म्वांगा राजाच्या राज्यातून निघावे लागले, तेव्हा ते सरोवराच्या दक्षिणेस उसांबिरो येथे राहू लागले. चौदा वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. ८ फेब्रुवारी १८९० रोजी तेथेच तापाने त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत सरोवरासाठी आणखी एक नाव बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते.