विश्लेषण : दिसते ते डोळ्यांना की मेंदूला? हेल्महोल्ट्झ यांनी हे कोडे कसे उलगडले?

मोबाइलवर चंद्रावरील खड्ड्यांचे छायाचित्र उलटे करून पाहिले, की अनेकांना खड्ड्यांच्या जागी उंचवटे दिसू लागतात. छायाचित्र तेच असते. बदलतो तो मेंदूचा अंदाज, कारण प्रकाश वरूनच येतो असे मेंदू गृहीत धरतो. पाहणे म्हणजे नकळत केलेले अनुमान, हा विचार दीडशे वर्षांपूर्वी ठामपणे मांडला तो जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी.

हेल्महोल्ट्झ कोण होते?

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. ओढा भौतिकशास्त्राकडे होता; पण शिक्षक असलेल्या वडिलांना तो खर्च परवडणारा नव्हता. त्यामुळे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करण्याच्या अटीवर त्यांनी बर्लिनमध्ये सरकारी खर्चाने वैद्यकीय शिक्षण घेतले. १८४७ मध्ये, लष्करी सेवेत असतानाच, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील निबंध प्रसिद्ध केला.

बेडकाच्या प्रयोगातून काय कळले?

मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजता येणार नाही, असे त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांचे मत होते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये तो वेग मोजून दाखवला. बेडकाच्या मज्जातंतूला स्नायूजवळ आणि स्नायूपासून दूर विजेचा झटका दिला आणि स्नायू आकसण्याच्या वेळेतील फरक टिपला. वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे हवेतील ध्वनीच्या दहाव्या भागाहूनही कमी. याचा अर्थ, बाहेर घडलेले मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

मेंदू ‘अंदाज’ कसा बांधतो?

१८५१ मध्ये त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहता येईल असे ऑप्थॅल्मोस्कोप हे उपकरण जगासमोर आणले. मात्र डोळ्याचा अभ्यास वाढला, तसे त्यातील दोषही समोर आले. प्रतिमेच्या कडा पुसट असतात, पडद्यावर एक अंधबिंदू असतो. तरीही जग अखंड दिसते. अपुऱ्या खुणांवरून, पूर्वानुभवाच्या आधारे मेंदूच ते जुळवतो, असे त्यांनी ‘फिजिऑलॉजिकल ऑप्टिक्स’ या ग्रंथात (१८५६ ते १८६७) मांडले.

त्यांचा लोलकांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. दृश्य एका बाजूला सरकवणारे लोलक डोळ्यांसमोर धरले, की वस्तूकडे नेलेला हात चुकतो. थोड्या सरावानंतर नेम बसतो. लोलक काढताच हात उलट्या बाजूला चुकतो. म्हणजेच मेंदूचा हिशेब बदललेला असतो.

विरोध कशासाठी झाला?

जाणीव नसताना अनुमान कसे शक्य आहे, असा आक्षेप घेतला गेला. अवकाशाची जाण मुख्यतः जन्मजात असते, असे एवाल्ड हेरिंग यांचे म्हणणे होते. हा वाद दीर्घकाळ चालला. गैरसमज होऊ नये म्हणून ‘नकळत अनुमान’ हा शब्दप्रयोग हेल्महोल्ट्झ यांनी पुढे टाळला. मूळ विचार मात्र सोडला नाही.

आज महत्त्व काय?

८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९५ मध्ये जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांनी मिळालेल्या माहितीमागची कारणे शोधणारे एक संगणकीय प्रारूप मांडले आणि त्याला ‘हेल्महोल्ट्झ मशीन’ असे नाव दिले. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ म्हणणारा साक्षीदार खोटे बोलत नसला, तरी त्याने पाहिलेले चुकीचे असू शकते. हेल्महोल्ट्झ यांच्या कामाचा हा धडा आजही तितकाच लागू पडतो.