हास्याचे मोजमाप ठेवणारा रुग्ण

खळखळून हसल्याने वेदना खरोखरच कमी होतात काय, याचा पडताळा स्वतःच्या रक्ततपासणीत घेणारा रुग्ण म्हणून नॉर्मन कझिन्स यांचे नाव वैद्यकविश्वात घेतले जाते. कझिन्स डॉक्टर नव्हते, पत्रकार होते. २४ जून १९१५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात त्यांचा जन्म झाला. बालपणी क्षयाचे चुकीचे निदान होऊन त्यांची रवानगी सॅनेटोरियममध्ये झाली होती. पुढे 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साहित्यविषयक नियतकालिकाचे संपादकपद त्यांनी प्रदीर्घ काळ भूषविले. पंडित नेहरूंशी त्यांनी केलेल्या संवादाचे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. हिरोशिमाच्या अणुस्फोटात होरपळलेल्या २५ तरुणींना १९५५ मध्ये शस्त्रक्रियांसाठी न्यूयॉर्कला आणण्यातही त्यांचा पुढाकार होता.

रुग्णसेवेत विनोदाला काय स्थान असते, हे त्यांनी १९५७ मध्ये आफ्रिकेतील लांबारेने येथे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या रुग्णालयात पाहिले. दमट उकाडा, अपुरी साधने आणि अखंड काम यांनी थकलेले डॉक्टर व परिचारिका रात्री जेवणाच्या मेजावर जमत, तेव्हा श्वाइट्झर आवर्जून एखादा गमतीदार किस्सा सांगत. तेथे विनोद होता तो रुग्णांपेक्षा शुश्रूषा करणाऱ्यांसाठी.

कझिन्स यांच्यावर वेळ आली ती १९६४ मध्ये. सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावरून परतताच ज्वर आणि अंगदुखीने त्यांना घेरले. काही दिवसांतच मान, हात, बोटे हलविणेही कठीण झाले. मणक्याचे सांधे आखडून टाकणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे निदान झाले. पूर्ण बरे होण्याची शक्यता पाचशेत एक, असे एका तज्ज्ञाचे मत पडले.

त्यांचे स्नेही डॉ. विल्यम हिट्झिग यांच्या संमतीने कझिन्स यांनी वेदनाशामके थांबविली, शिरेतून 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्या आणि खोलीत प्रोजेक्टर मागविला. 'कँडिड कॅमेरा'चे भाग व मार्क्स बंधूंचे जुने चित्रपट दाखविण्याचे काम परिचारिकेकडे आले. चित्रपट नसेल तेव्हा ती विनोदी पुस्तके वाचून दाखवी. दहा मिनिटे पोट धरून हसले की दोन तास वेदनारहित झोप लागते, असा अनुभव त्यांना आला. हसण्यापूर्वी व नंतर रक्ताचा ईएसआर मोजला जाई. तो दर वेळी किमान ५ अंकांनी उतरलेला असे आणि ही घट टिकत असे. त्यांच्या हास्याच्या गडगडाटाने शेजारच्या रुग्णांना त्रास होऊ लागला, तेव्हा मुक्काम हॉटेलात हलविण्यात आला. खर्चही रुग्णालयाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशावर आला!

परिचारिकांची थट्टा करण्यातही ते मागे नसत. लघवीच्या नमुन्याच्या बाटलीत त्यांनी एकदा न्याहारीतला सफरचंदाचा रस भरून दिला. नमुना जरा गढूळ दिसतो, असे तिने म्हणताच तो पुन्हा गाळून घेऊ म्हणत त्यांनी बाटली तोंडाला लावली.

हा माणूस केवळ हसून बरा झाला, अशी दंतकथा पुढे पसरली. ती अर्धवट आहे. सांध्यांची हालचाल परतण्यास अनेक वर्षे लागली. निदानच चुकले असावे किंवा आजार आपोआप ओसरला असावा, अशी शंका टीकाकारांनी घेतली. हा सारा मानसिक विश्वासाचा परिणाम असू शकतो, हे खुद्द कझिन्स यांनीही नाकारले नाही. वैद्यकीय उपचारांना हास्य पर्याय असल्याचा दावा त्यांनी केला नाही. डॉक्टरांनी रुग्णाला उपचारात भागीदार करून घ्यावे, हा त्यांचा खरा आग्रह होता. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने १९७६ मध्ये त्यांचा लेख छापला, तेव्हा डॉक्टरांच्या पत्रांचा ढीग पडला. १९७९ मध्ये त्याचे पुस्तक झाले. तत्पूर्वी, १९७८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने वैद्यकाची पदवी नसलेल्या या संपादकाला आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापनासाठी पाचारण केले.

१९८० मध्ये त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. त्यातूनही सावरून ते दशकभर लिहीत व शिकवीत राहिले. ३० नोव्हेंबर १९९० रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे पाचच वर्षांत, मार्च १९९५ मध्ये, मुंबईतील डॉ. मदन कटारिया यांनी त्यांच्या पुस्तकातून प्रेरणा घेऊन अंधेरीच्या लोखंडवाला परिसरातील एका उद्यानात पहिला हास्य क्लब सुरू केला. तेथील विनोदांचा साठा काही दिवसांतच संपला आणि सभासद विनोदाविनाच हसू लागले.