बाबूराव पेंटर

बाबूराव पेंटर (मूळ नाव : बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म : ३ जून १८९०, कोल्हापूर, मृत्यू : १६ जानेवारी १९५४, कोल्हापूर) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, मूकपटांचे दिग्दर्शक आणि यंत्रकारागीर होते. चलच्चित्रणाचा पहिला भारतीय बनावटीचा कॅमेरा त्यांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कोल्हापुरात तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक होते. कलामहर्षी या उपाधीने ते महाराष्ट्रात ओळखले जातात. दिग्दर्शक म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कॅमेऱ्याचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो. त्या एका वाक्यामागे सुमारे पाच वर्षांची उमेदवारी आहे.

पूर्वायुष्य

बाबूरावांचा जन्म कारागिरांच्या घरात झाला. वडील कृष्णराव सुतारकाम व लोहारकाम जाणणारे, शिवाय चित्रकला व कोरीवकाम यांतही गती असणारे होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण अल्पच झाले. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. लाकूड, लोखंड, माती आणि रंग ही माध्यमे त्यांनी घरातच, हाताळून आत्मसात केली. त्यांच्या नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री हे वयाने मोठे, तितकेच कुशल आणि यंत्रांच्या बाबतीत अधिक धाडसी होते. या दोघांचे काम इतके एकत्र चाले की आरंभीच्या काळात एकाचे श्रेय दुसऱ्यापासून वेगळे काढणे कठीण आहे.

१९१० ते १९१६ या काळात दोघा बंधूंनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी रंगभूमीसाठी पडदे रंगवले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे त्यांत होते. राजवाडा, अरण्य, रस्ता असे देखावे कापडावर उभे करताना सपाट पृष्ठभागावर खोलीचा भास कसा निर्माण होतो आणि दिव्याच्या उजेडात रंग कसे बदलतात, याची पारख त्यांना झाली. पेंटर हे नाव या व्यवसायामुळे त्यांना चिकटले व पुढे तेच आडनावासारखे रूढ झाले.

प्रक्षेपकापासून कॅमेऱ्यापर्यंत

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. तो पाहिल्यानंतर आनंदराव व बाबूराव चित्रपटाकडे ओढले गेले. फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन बनावटीचा कॅमेरा व आनुषंगिक यंत्रे खरेदी केली होती. कोल्हापूरच्या या दोन बंधूंपाशी परदेशप्रवासाइतका पैसा नव्हता. त्यांनी प्रथम एक प्रक्षेपक मिळवला आणि चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याचबरोबर स्वतःचा कॅमेरा जुळवण्याचे प्रयत्नही चालू ठेवले.

हा मार्ग वरवर पाहता उपजीविकेचा वाटतो. पण कॅमेरा घडवू इच्छिणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती. प्रक्षेपक आणि कॅमेरा ही यंत्रे मूलतः एकाच तत्त्वावर चालतात. दोहोंमध्ये फिल्म सरळ वाहत नाही; ती थांबत थांबत पुढे सरकते. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात आणि एका चित्राच्या उंचीत अशी चार छिद्रे बसतात. दातेरी चाकाने किंवा आकड्याने फिल्म नेमकी चार छिद्रे खाली ओढायची, क्षणभर स्थिर धरायची, फिल्म सरकत असताना शटरने प्रकाश अडवायचा आणि ती थांबली की शटर उघडायचे, असा हा क्रम आहे. मूकपटांच्या काळात तो सेकंदाला सुमारे सोळा वेळा घडवावा लागे, तोही हाताने दांडा फिरवून. रोज प्रक्षेपक चालवणाऱ्याला ही चाल कानांनी आणि बोटांनी कळू लागते.

अवघड भाग निराळाच होता. चष्म्याच्या भिंगातील किंचित उणीव डोळा काही अंशी सांभाळून घेतो. फिल्म काहीच सांभाळून घेत नाही. भिंग आणि फिल्म यांतील अंतर केसभर चुकले तरी चित्र पुसट होते. फिल्म थांबण्याच्या जागेत सूक्ष्म फरक पडत गेला, तर पडद्यावरील राजवाडा थरथरू लागतो. पेटीला बारीकशी फट राहिली तर आत शिरलेला प्रकाश सारी फिल्म वाया घालवतो. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी लागणारी निर्दोष काच त्या काळी भारतात तयार होत नव्हती. त्यामुळे देशी कारागिराच्या कौशल्याची खरी कसोटी भिंगाभोवतीचे यंत्र अचूक बसवण्यात होती. धातूचे दातेरी चाक कातायला लेथ आणि पेटी जुळवायला सुताराचा हात, अशा दोन्ही गोष्टी मेस्त्री घराण्याच्या परंपरेत होत्या.

त्यातच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी साहित्य मिळणे दुरापास्त झाले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. कॅमेरा तेव्हा अपुरा होता. बाबूरावांचे वय सव्वीस वर्षांचे. ज्याच्या धाडसावर हा उद्योग उभा राहिला होता तोच गेल्यावर काम सोडून पुन्हा पडदे रंगवू लागणे स्वाभाविक ठरले असते. पडद्यांना मागणीही होती. बाबूरावांनी ते केले नाही. पडदे रंगवण्याच्या कामातच त्यांच्याकडे आलेले विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी आणखी दोन वर्षे खटपट केली आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. त्यावर चित्रित केलेली फिल्म पडद्यावर स्थिर दिसली. आनंदरावांना ती पाहता आली नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

१ डिसेंबर १९१७ हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापनादिन मानला जातो. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी मोठे साहाय्य केले. चित्रपट हा धंदा तेव्हा प्रतिष्ठितांना आतबट्ट्याचा वाटत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे एका कलावंत स्त्रीने त्यात घातलेल्या पैशाचे मोल कळते. दामले यांच्याबरोबर एस. फत्तेलाल हेही बाबूरावांचे निकटचे शिष्य होते. १९२० मध्ये व्ही. शांताराम कंपनीत दाखल झाले.

कंपनीचा पहिला मूकपट सैरंध्री १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. भीमाने केलेल्या कीचकवधाचे दृश्य इतके भयानक वठले की त्यावर सरकारची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली, ती याच चित्रपटाच्या निमित्ताने.

त्या काळातील कृष्णधवल फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. तांबडे लुगडे तिच्यावर काळे उमटे आणि निळे आकाश पांढरे पडे. म्हणून वेषभूषा आणि देखावे डोळ्याला कसे दिसतात यापेक्षा फिल्मवर कसे उमटतील, हे आधी ठरवावे लागे. पडद्यांच्या अनुभवातून आलेल्या बाबूरावांनी पुढे रंगवलेला पडदाच बाजूला सारला आणि चहूबाजूंनी बांधलेले, वावरता येण्याजोगे नेपथ्य उभारले. सिंहगड (१९२३) या मूकपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. दृश्याची मांडणी, पात्रांच्या हालचाली व वेष यांची रेखाटने ते आधी करत. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवत. त्यांच्या कल्याण खजिना (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक उपलब्ध भारतीय भित्तिपत्रकांमध्ये सर्वांत जुने मानले जाते.

सावकारी पाश (१९२५) हा ना. ह. आपटे यांच्या कथेवरील मूकपट त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती म्हणावी लागेल. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून गिरणीच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. देवदेवता आणि ऐतिहासिक वीर पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही.

उत्तरायुष्य

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. गुरूच्या कंपनीचा कणाच त्यामुळे निखळला आणि थोड्याच काळात ती बंद पडली. कॅमेरा जुळवताना हाताखाली असलेले दामले प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचे जाणकार झाले, हा त्याच उमेदवारीचा पुढचा टप्पा होय. दामले-फत्तेलाल यांचा संत तुकाराम (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

बोलपटाविषयी बाबूरावांना विशेष आस्था नव्हती. तरी शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी उषा (१९३५) व प्रतिभा (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले आणि सावकारी पाश १९३६ मध्ये बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला. त्यानंतर ते मुख्यतः चित्रकला व शिल्पकलेकडे वळले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्मरणार्थ कोल्हापुरात खरी कॉर्नर परिसरात कॅमेरा स्तंभ उभारण्यात आला असून दरवर्षी १ डिसेंबरला तेथे चित्रकर्मी अभिवादन करतात.