कोन फिल्टर, रबरी बफर आणि अ‍ॅलेक इसिगोनिस: जुन्या गाडीला हात लावण्याआधी हे वाचा

जुन्या मारुती ८०० ला कोन फिल्टर लावला, पुढून थोडी उचलली आणि गाडीचा आवाजच बदलला, अशी एखादी रील तुमच्या मोबाईलवर नक्की आली असेल. माझ्याही आली होती. मी बघितली आणि तसंच केलं. पुढे काय झालं ते सांगतोच, पण आजचा लेख खरं तर एका माणसाबद्दल आहे. सर अ‍ॅलेक इसिगोनिस. ब्रिटनची छोटी मिनी कार त्यांची. आपल्या ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं आणि ताकद पुढच्या चाकांना जाते, ती पद्धत जगभर लोकप्रिय झाली ती मिनीमुळेच.

आधी माझी चूक

मी काठीचा. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याच्या डोंगरात. आमच्या गावची राजवाडी होळी तुम्ही ऐकली असेल. आमची गाडी काकांची, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. नंबर प्लेट एमएच १८, म्हणजे धुळ्याची, कारण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा मोठी आहे, असं आम्ही गमतीने म्हणतो.

होळीच्या आधी मी आणि माझ्या धाकट्या चुलतभावाने दोन कामं केली. पुढच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवले, म्हणजे गाडी उंच दिसेल. एअर फिल्टरचा मूळ डबा काढला आणि पाइप जोडून कोन फिल्टर पुढच्या जाळीमागे बसवला. होळीला पोरांनी आवाजाचं कौतुक केलं. आम्ही खूश.

जुलैमधल्या एका रात्री काकूला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. अक्कलकुव्याला न्यायला निघालो. देवगोईच्या घाटात धो धो पाऊस. इंजिन अडखळायला लागलं, दोनदा झटके दिले आणि बंद पडलं. बॉनेट उघडून बघतो तर जाळीतून आलेल्या पाण्याने फिल्टर चिंब झालेला. हवा जायला जागाच नाही. मूळ डबा घरी माळ्यावर. मागून एक जीप आली, त्यांनी काकूला नेलं आणि ती बरी होऊन घरी आली. काका मला एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

त्यानंतर मी गाडी मूळ स्थितीत आणायला घेतली आणि सोबत वाचायला लागलो. तेव्हा कळलं की पावसाने बंद पडणारी गाडी इसिगोनिस यांनीही बनवली होती. मग हा माणूस नीट समजून घ्यावासा वाटला.

गणितात तीनदा नापास

अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मिर्ना शहरातला. आज ते तुर्कस्तानातलं इझमिर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, त्यांचा जहाजांच्या यंत्रांचा कारखाना होता. आई जर्मन. म्हणजे हा मुलगा यंत्रांच्या आवाजातच वाढला.

१९२२ मध्ये युद्धात स्मिर्ना पेटलं. ब्रिटिश जहाजांनी या कुटुंबाला माल्टा बेटावर नेलं. घर, कारखाना, सगळं मागे राहिलं. थोड्याच काळात वडील गेले. १९२३ मध्ये मायलेक इंग्लंडला आले.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये ते इंजिनिअरिंग शिकायला लागले. चित्र काढण्यात हात जबरदस्त, पण गणितात तीन वेळा नापास. शेवटी पदवीचा नाद सोडून त्यांनी ड्रॉइंग काढण्याची नोकरी धरली. ज्यांना मार्कांची काळजी वाटते त्यांच्यासाठी हे सांगतोय. पण लगेच खूश होऊ नका. पुढे त्यांनी जे केलं त्यात मोजमाप पावलोपावली होतं, फक्त ते कागदापेक्षा हाताने जास्त केलेलं होतं.

घरगुती रेस कार: खरं डीआयवाय

१९३० च्या दशकात मोकळ्या वेळात त्यांनी मित्र जॉर्ज डाउसन यांच्यासोबत एक रेस कार बनवायला घेतली. ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीवर आधारलेली. नाव लाइटवेट स्पेशल. जवळपास सगळं काम हाताच्या अवजारांनी, आणि पूर्ण व्हायला १९३८ उजाडलं. म्हणजे काही वर्षं गेली. आम्ही दोन दिवसांत उरकलं होतं, हे इथे लक्षात घ्या.

या गाडीत दोन गोष्टी बघण्यासारख्या होत्या. एक, प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमचं हलकं पण ताठ शरीर. दोन, स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी रबरावर चालणारं सस्पेन्शन. त्या काळी बहुतेक गाड्यांत लोखंडी पाटे असायचे. चारही चाकं आपापली वरखाली व्हावीत आणि गाडीचं शरीर मात्र वाकू नये, असा त्यांचा विचार होता. शरीरच वाकलं तर सस्पेन्शन कितीही चांगलं असो, चाक रस्त्याला नीट धरत नाही.

मॉरिस मायनर आणि पिळलेला दांडा

१९३६ मध्ये ते मॉरिस कंपनीत आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्यांनी एका छोट्या गाडीचं काम सुरू केलं. तीच १९४८ मध्ये मॉरिस मायनर म्हणून बाजारात आली. तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये टॉर्शन बार होते. टॉर्शन बार म्हणजे काय? एक लांब लोखंडी दांडा. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि लगेच परत सरळ व्हायला बघतो. स्प्रिंगचंच काम, पण जागा कमी. आपल्या अँबॅसिडरलाही पुढे टॉर्शन बारच होते, आणि मायनर तर भारतात बेबी हिंदुस्तान या नावाने बनली.

मायनरचा एक किस्सा मला फार आवडतो. गाडी जवळपास तयार झाली होती. इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना मधोमध उभा कापायला लावला आणि दोन भाग सरकवून बघितले. चार इंच, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर अंतरावर गाडी डोळ्यांना बरोबर वाटली. बंपर आधीच तयार होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत बंपर मध्ये कापून पट्टी जोडली होती. बदल करायला ते घाबरले नाहीत. पण कापलेली ती नमुन्याची गाडी होती, कुणाच्या दवाखान्याच्या वाटेवरची नव्हती.

मिनी: तीन मीटरची गाडी

१९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून संघर्ष पेटला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. मॉरिस आता बीएमसी या मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. १९५७ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी इसिगोनिस यांना लवकरात लवकर छोटी गाडी बनवायला सांगितलं. इंजिन मात्र कंपनीकडे आहे तेच वापरायचं.

त्यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली तेलाच्या टाकीतच घातला आणि चाकं फक्त १० इंचांची घेतली. लांबी जेमतेम तीन मीटर. त्यातली सुमारे ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला मिळाली. २६ ऑगस्ट १९५९ ला मिनी लोकांसमोर आली. गिअरबॉक्स इंजिनच्या शेजारी बसवण्याची सुधारणा नंतर फियाटचे दान्ते जिआकोसा यांनी पुढे आणली, आणि आपल्या ८०० मध्ये तीच आहे.

मिनीमध्ये सस्पेन्शन पुन्हा रबराचं, इंजिनिअर अ‍ॅलेक्स मौल्टन यांनी बनवलेलं. रबर का? हिशेब बघा. गाडीचं वजन ६०० किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान म्हणजे जवळपास ३०० किलो, म्हणजे निम्मं वजन आणखी. मऊ स्प्रिंग लावली तर भरलेली गाडी खाली टेकणार. कडक लावली तर एकटा माणूस उसळत राहणार. मौल्टनचा रबरी शंकू जितका दाबाल तितका जास्त कडक होत जातो आणि जागाही थोडी खातो. तरीही मिनी खड्ड्यांत चांगलीच उसळायची, हेही खरं.

आता माझ्या बफरांचं काय झालं ते बघा. बफर वेटोळ्यांच्या मध्ये अडकतो, म्हणजे स्प्रिंगचा तेवढा भाग हलेनासा होतो. स्प्रिंग कायमची कडक. भार वाढेल तसं कडक होणं वेगळं आणि रिकाम्या गाडीतही कडक राहणं वेगळं. मोलगीच्या बाजाराला एकटा गेलो की दात वाजायचे. धक्का स्प्रिंगने घेतला नाही की तो वरच्या माउंटिंगला आणि बुशांना बसतो. माझे दोन्ही गेले.

हवेचा प्रश्न आणि पाऊस

मिनीच्या पहिल्या नमुन्यांत कार्ब्युरेटर पुढे होता, थंड वाऱ्याच्या तोंडावर. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते तेव्हा ती आजूबाजूची उष्णता शोषते. दमट, थंड हवेत तिथे चक्क बर्फ जमतो आणि हवेची वाट अडते. इंजिन पूर्ण उलटं फिरवलं गेलं, त्याच्या कारणांपैकी हे एक होतं. कार्ब्युरेटर मागे गेला, उबेला.

पण त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा भाग, पुढे जाळीमागे आला. पाऊस आला की पाणी थेट त्यावर. सुरुवातीच्या मिनी पावसात बंद पडायच्या, आणि आत पायाखालीही पाणी साचायचं. एक अडचण सोडवताना दुसरी उघडी पडली. जिथे त्यांचा डिस्ट्रिब्युटर भिजला, अगदी तिथेच मी माझा फिल्टर बसवला होता!

मूळ डबा का असतो, हे मला तेव्हा समजलं. इंजिनला एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. डबा ती हवा पाण्यापासून आणि धुळीपासून वाचवून आणतो. कोन फिल्टर इंजिनजवळ उघडा ठेवला तर गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणजे आवाज वाढतो आणि ताकद कमी होते. उन्हाळ्यातली आमच्या रस्त्यांची बारीक धूळ फिल्टरमधून निसटली तर सिलिंडर घासून खाते.

शेवटची वर्षं

मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. इसिगोनिस यांना १९६९ मध्ये सर ही पदवी मिळाली. पण त्यांचा एक दोष वाढत गेला होता. ते इतरांचं ऐकत नसत. गाडीत आराम फार नको, रेडिओ नको, असं त्यांचं ठाम मत. पुढची मॅक्सी ही गाडी मिनीसारखी चालली नाही. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना मेकॅनोचा सगळ्यात मोठा संच भेट दिला गेला. लहान मुलांचं जोडाजोडीचं खेळणं, पण त्यांना ते मनापासून आवडायचं. २ ऑक्टोबर १९८८ ला ते गेले. त्यांची मिनी २००० सालापर्यंत बनत राहिली, ५० लाखांहून जास्त.

आपल्याकडेही असा एक माणूस होता. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये मीरा या छोट्या गाडीचा पहिला नमुना बनवला आणि पुढे रबरी सस्पेन्शनही वापरलं. मीराला कारखान्यात बनण्याची परवानगी कधी मिळाली नाही. नशीब वेगळं, पण हाताने करून बघण्याची वृत्ती तीच.

मग आपण घरी काय करायचं?

१. आधी गाडी मूळ स्थितीत आणा. जुनी गाडी खाली बसली असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग, माउंटिंग किंवा बुश थकलेले असतात. ते बदला, उंची आपोआप परत येते.

२. कामाआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर चारही बाजूंनी टेपने मोजा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. काम झाल्यावर परत मोजा.

३. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावाच, आणि टेकलेल्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा.

४. पुढचा स्ट्रट घरी उघडू नका. आत स्प्रिंग दाबलेली असते, वरचा नट सुटला तर जीव जाऊ शकतो. स्ट्रट काढून स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्या. नंतर अलाइनमेंट करून घ्या.

५. एअर फिल्टर घरी बदलायला सोपा. क्लिपा सोडा, डबा आतून कोरड्या फडक्याने पुसा, नवा कागदी फिल्टर बसवा, रबराची कड नीट बसली का बघा. धुळीच्या भागात कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच तपासा.

६. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. फिटनेसला आणि विम्याच्या दाव्याला त्रास होऊ शकतो.

मी हे सगळं केलं. बफर काढले, माउंटिंग आणि बुश नवे घातले, माळ्यावरचा डबा धुऊन परत बसवला. चुलतभाऊ आधी नाराज होता, आवाज गेला म्हणून. आता तोच फिल्टर तपासतो.

इसिगोनिस यांच्याकडून धाडस जरूर घ्या. पण बदल करताना एक प्रश्न स्वतःला विचारा: ही गाडी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हवेत आणि कुणाला घेऊन चालणार आहे? आमच्या गाडीत मागच्या सीटवर काकू बसते. या पावसाळ्यात तिला तपासणीला दोनदा अक्कलकुव्याला नेलं. घाटात गाडी एकदाही अडखळली नाही.